गोठ्याच्या भिंतीवरची रेघ

८ डिसेंबर, सोमवार

आन वर रफीक मेस्त्री मलाच म्हणतो, वैनी, उजेड बरोबर हाय. आमच्या व्हॅनला दोन्ही बल्ब नवे घालून पंधरा दिस झाले न्हाईत, आन आज सकाळी मालकांनी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला गाडी घासली. डाव्या अंगाचा रंग पार पत्र्यापर्यंत गेला. मालक म्हणतात, दिवा लागलाय का न्हाई तेच कळंना, बोनेटच्या पुढं काय दिसत न्हाई. रफीक म्हणतो दिवा बरोबर. मग खोटं कोण बोलतंय? मालक तर न्हाईत. एवढा संसार केला, त्या माणसाला खोटं बोलता येत न्हाई. साधं भाजीत मीठ जास्त झालं तरी तोंडावर दिसतं.

पौडला त्याच्या दुकानापुढं उभी राहून मी रफीकला सगळं बोलले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकत होती. तो हॉर्नची वायर सोलत बसला होता, मान बी वर केली न्हाई. म्हणाला, "वैनी, दिवा मी तपासून दिलाय. आता धुक्याचं मी काय करू? धुकं काय माझ्या दुकानातनं जात न्हाई."

ही डायरी जुईलीनं दिली. आमची पोरगी. महाळुंग्याला राहती, हापिसात कॉम्प्युटरवर असती. मी फोन केला का आधी इचारती, आई, आज कुणावर चिडलीस? म्हणाली, राग हिच्यात लिही, मग मला फोन कर. चौथीनंतर मी लिवलं ते सह्यांपुरतं. तरी लिवते. अक्षराला हसायला हितं कुणी न्हाई.

राग कशाचा ते एकदा नीट लिवते. आमची व्हॅन कंपनीच्या बायका नेती. कोळवणच्या अंगाच्या वस्त्यांवरनं दिस उगवायच्या आधी उचलायच्या, पौडावर उरलेल्या घ्यायच्या, घोटावड्याच्या अलीकडं कंपनीत पहिल्या पाळीला सोडायच्या. त्या वेळेला यष्टी न्हाई. उशीर झाला का गेट बंद, गेट बंद का खाडा. भुकूमचा दिग्विजय नवी मिनीबस घेऊन टपलाय. कंपनीतल्या साहेबाला सांगतोय, त्या म्हाताऱ्या डब्यात बायका कशाला कोंबताय. एकदा जरी ठोकर झाली तरी फेरी त्याची, आन आमी घरात बसलो.

म्हणून ठरवलं. दिवे मीच करणार. घरी, अंगणात. गुरुवारी कंपनीला सुट्टी असती.

११ डिसेंबर, गुरुवार

दिव्यावरची काच म्हणजे काच न्हाईच, पलास्टिक हाय. उन्हानं पिवळी पडून म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यागत धुरकट झालीया. आत नवा बल्ब घालून काय उपेग? ह्ये रफीकला सुचू नये?

जुईलीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. आधी पाणी लावून काळ्या खरखरीत पेपरानं घासायचं, मग दात घासायची पेस्ट लावून फडक्यानं. व्हिडिओतला माणूस लई दमानं सांगतो, मी पुढं पळवला. घासून घासून खांदा दुखायला लागला. मालकांना म्हणलं, न्हाणीतली पेस्ट आणा. त्यांनी दाढीचं क्रीम आणलं. मी न बघता फासलं, तर फेसच फेस. दिव्याला दाढी फुटली.

म्हणलं, "अवो, डोळे गहाण टाकलेत का?"

हसले. म्हणाले, "नळी ती नळी."

दुपारपर्यंत काच अशी झाली का आतल्या बल्बावरची अक्षरं वाचता यावी. हाक मारून दाखवलं. त्यांनी वाकून हात फिरवला. "गुळगुळीत झालीय," म्हणाले.

गुळगुळीत काय? लख्ख म्हणा की. कौतुक करायचं म्हणजे ह्या माणसाच्या जिवावर येतं.

१३ डिसेंबर, शनिवार

तरी दिसत न्हाई म्हणतात.

जेवले न्हाईत धड. काल पाळीच्या बायका उतरवताना गेटच्या खांबाला आरसा लागला.

दुपारी शाहजादी आली होती. रफीकची बायको, तीबी आमच्याच व्हॅननं कंपनीत जाती. नवऱ्यानं पाठवली असंल समजूत काढायला. चहा पिता पिता बोलली, "भाभी, तुळजामावशीची मात्र मजा हाय. रोज पुढच्या शीटवर. तोंड एक घडी बंद नसतं."

म्हणलं, काय बोलती?

"काय बी. नथू, आता मोरी आली रं. नथू, आता उतार. कडंला म्हशी बसल्यात, सावकाश घे. आमी मागं झोपतो, ती आपली चालूच."

तुळजाबाई आमच्याच वस्तीवरची, नवरा जाऊन कैक वर्षं झाली. मालक त्या रस्त्यानं जुईलीच्या जन्माआधीपासनं गाडी मारतायत. त्यांना मोरी कुटं हाय ते ती सांगणार? अंधारात पुढं बसून नथू नथू करायचं कारण काय? मी चहाचं भांडं उचललं. शाहजादी पण लगीच कपबशी विसळायला उठली. तिला काय तरी अजून सांगायचं होतं, मला कळतं. पण मी नको ते ऐकून घेत न्हाई.

१४ डिसेंबर, रविवार

गिरणीवर तुळजाबाई गाठली. दळणाच्या रांगेत सगळ्यांसमोर इचारलं न्हाई, तेवढी अक्कल मला हाय. बाजूला घेतलं.

म्हणलं, "उद्यापासनं मागं बसायचं."

तिनं दळणाचा डबा खाली ठेवला. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. मग म्हणाली, "बसते की मागं. पण मग हेमे, पुढं तू बस."

"मी कशाला बसू?"

"कुणीतरी बसाय पायजे."

जीभ बघा हिची. वर जाताना म्हणती, "दिवे करतीयास नं? चांगले कर. लवकर कर बाई."

माझ्या गाडीचे दिवे, आन घाई हिला.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज सगळं केलं. जुईलीनं पुण्यातनं पांढऱ्या उजेडाचे बल्ब आन बंपरवर लावायला दोन पिवळे दिवे आणून दिले. पिवळे धुक्यासाठी. रफीकनं परवाच सांगून ठेवलं होतं, वैनी, एवढे पांढरे घालू नका, पोलीस अडवतात आन समोरच्याचे डोळे जातात. मी म्हणलं, समोरच्याचे बघायला समोरचा हाय.

पिवळ्यांची वायर मीच ओढली. पहिल्यांदा उलटी जोडली, तर हॉर्न दाबला का दिवा लागायचा. मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच, लग्नाला भाड्यानं देऊ." आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी चेष्टा केली म्हणून मी बी हसले. मग खोलून परत जोडली.

खरा घोळ पुढं. दिवा नुसता लावून भागत न्हाई, त्याची मान बसवावी लागती. गाडी सपाट जागी भिंतीसमोर लांब उभी करायची, भिंतीवर दिव्याच्या उंचीच्या जराशी खाली आडवी रेघ मारायची, आन दिव्यामागचा स्क्रू पिळत उजेडाची वरची कड त्या रेघेवर आणायची. गोठ्याची भिंत चुन्याची हाय. तिच्यावर गेरूनं जाड रेघ ओढली. दिस मावळल्यावर मालक शीटवर बसले, मी बोनेट उघडून पानं-पेचकस घेऊन वाकले.

"आला का रेघेवर?"

"न्हाई. वर घे."

"आता?"

"अजून वर."

मी पिळतीया, ते वर वर करतायत. मला तर कड रेघेच्या लई वर गेल्यागत वाटली. तसं बोलले बी. म्हणाले, "हितनं येगळं दिसतं." मग वळचणीच्या पत्र्यावर उजेड पडून पत्रा चमकला, तवा म्हणाले, "हां. आता आली रेघ. ऱ्हाऊ दे."

माझं मन काय घेईना. पण गाडी कोण चालवतं? शीटवरनं ज्याला बघायचंय त्याच्या डोळ्याला पटलं पाहिजे. मी स्क्रू तिथंच घट्ट केले. चारी दिव्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

"कसं काय दिसलं?"

"बरं हाय."

एवढंच. मी खांदा मोडून घेतला, आन बरं हाय. आन दिवे एवढे झाले तरी गेटवर पोचायला उशीर. शाहजादी सांगत होती, बैलगाडीगत हाकली. तुळजाबाई मागं बसली होती म्हणं, तोंड मिटून. झालं माझ्या मनासारखं. पण मग उशीर का?

२२ डिसेंबर, सोमवार

रफीक खाचरात पडला.

सकाळच्या धुक्यात तो मोटरसायकलवर कोळवणच्या अंगाला कुणाची तरी बंद पडलेली गाडी बघायला निघाला होता. समोरनं आमची व्हॅन. म्हणतो, पुढं सगळं पांढरं झालं, रस्ता गेला, गेला तो भाताच्या रिकाम्या खाचरात. गुडघा फुटला, कोपर सोललं. मालकांनी गाडी थांबवलीच न्हाई. म्हणतात, मला कळलंच न्हाई कोण होतं. मागनं बायका ओरडल्या तवा थांबले, बऱ्याच पुढं जाऊन.

मी आधी भांडायलाच गेले होते. आपल्या कडंनं चालवायला काय होतं म्हणून. तर तो दुकानात फळीवर पाय टाकून बसलेला, पट्टीतनं लाल दिसतंय. शाहजादी हळद घालून दूध देत होती. माझी तिथंच गाडी थांबली.

म्हणाला, "वैनी, तुमचा दिवा कुणाला दाखवायला लावलाय? झाडावरच्या घुबडाला?"

"भिंतीवर रेघ मारून लावलाय. व्हिडिओत सांगितलं तसा."

"रेघ कुटं मारली, मोबाईल टावरवर?"

शाहजादी तोंड फिरवून हसली. मी हसले न्हाई. म्हणलं, "गुरुवारी ये. तुझ्या डोळ्यांनी बघ. माझी रेघ चुकली असंल तर सांग, मी ऐकून घेईन."

"लिहून ठेवा ह्ये," म्हणाला.

ठेवलं.

तोवर फडकी बांधून पांढरे दिवे निम्मे झाकलेत. दिग्विजयला खबर लागलीच. साहेबाकडं जाऊन आला असंल.

२५ डिसेंबर, गुरुवार

रफीक लंगडत आला. पहिलं दिव्याची उंची मोजली, मग रेघेची. म्हणाला, "रेघ बरोबर हाय." मी म्हणलं, "मग?" तो दिव्यामागचे स्क्रू बघत बसला. अंधार पडंपर्यंत चहा झाला. मग तो शीटवर बसला, मी परत बोनेटखाली.

"खाली घ्या. खाली. खाली. बस, थांबा."

एवढ्यात झालं. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणलं, "नीट बघ. रेघ दिसती का तुला हितनं?"

"रेघ दिसती. रेघेखाली कुणाचा तरी शेणाचा पंजा उठलाय तो दिसतोय. खुंटीला दावं अडकवलंय त्याची गाठ दिसती. अजून काय सांगू?"

मी त्याला उतरवला आन स्वतः शीटवर बसले. खरंच सगळं दिसत होतं. पंजा जुईलीचा हाय, ल्हान असताना शेणी थापताना उठवलेला.

मालक ओट्यावर बसले होते. म्हणलं, या, बसा, एकदा तुमच्या डोळ्याला पटू द्या. ते नको म्हणाले. मी हाताला धरून आणलं. बसले.

"रेघ कुटं हाय?"

"ती काय, समोर."

"हात करून दाखवा."

त्यांनी हात केला. वळचणीच्या पत्र्याकडं.

रफीक खाली बघत होता. मग म्हणाला, हात धुवून येतो. हात धुवायला त्याला लई वेळ लागला.

मालक म्हणाले, "दिवसभर उन्हात होतो, डोळे शिणलेत." असंल. ऊन होतंच आज. मी अजून काय इचारलं न्हाई. पण उद्या मी पुढच्या शीटवर बसणार. तुळजाबाई म्हणतीया तर बसून बघते.

२६ डिसेंबर, शुक्रवार



धुकं होतं. दिवे खाली झुकलेले, जिथं पाहिजे तिथं. मला रस्ता चांगला दिसत होता, कडंचं गवत, गवतावरचं दव. मनात म्हणलं, काय काम केलंय मी. बायका मागं बसल्या होत्या, पण कुणी झोपलं न्हाई. एवढ्या बायका आन एवढी शांतता, मी कधी ऐकली न्हाई.

वळणावर एक माणूस चालला होता. खांद्याला दुधाची किटली, डोक्याला मफलर. मी बघितला. वाटलं आता मालक गाडी बाजूला घेतील. घेईनात. गाडी सरळ त्याच्यावर.

मागनं तुळजाबाई बोलली, ओरडली न्हाई, रोजच्या आवाजात, "नथू, डावीकडं माणूस."

गाडी लगीच उजवीला झाली. माणूस गेला बाजूनं. मालकांनी मान बी हलवली न्हाई.

मी म्हणलं, थांबवा. थांबवली.

"मोरी कुटं हाय?"

"आता येईल."

"दिसती का?"

"चाकाखाली खडी वाजली का मोरी," मालक म्हणाले. "मग हळूच उजवीकडं."

मी मागं वळले. "किती दिस झाले?"

 तुळजाबाई म्हणाली, "गणपती बसले तवापासनं."

"सगळ्यांना ठावं होतं?"

शाहजादी म्हणाली, "भाभी, मी त्या दिशी सांगायलाच आले होते."

"मग का न्हाई बोललीस?"

तिच्या ऐवजी तुळजाबाईच बोलली. "तुला सांगून काय झालं असतं? आधी त्याच्यावर ओरडली असतीस, मग आमच्यावर. मग गाडी बंद. आमी गेटावर कसं पोचायचं, तू सांग. माझ्या सुनेला दिवस राहिलेत, घरात मीच एकटी कमावती. म्हणून बसले पुढं. रस्ता मला ठावा, हात त्याचा चांगला."

"आन गाडी खड्ड्यात गेली असती म्हणजे?"

"मी होते की."

"तू होतीस म्हणजे? तू काय ब्रेक हायेस?"

मागं एकजण हसली आन मग रडायला लागली.

मालकांनी इंजिन बंद केलं. म्हणाले, "हेमा, मी खोटं न्हाई बोललो. मला खरंच वाटायचं दिवाच कमी हाय. तू काच घासलीस तवा वाटलं, आता दिसंल. पिवळे लावलेस तवा वाटलं, आता तरी दिसंल."

मी शीटवरनं उतरले, त्यांच्या बाजूला गेले. 

किल्ली काढून घेतली. रस्त्यात उभी राहून दिग्विजयला फोन लावला. म्हणलं, "बस घेऊन ये, बायका इथं उभ्या हायेत. आजपासनं महिनाभर तू ने. महिना झाला का फेरी माझी मला परत. व्हय का न्हाई?"

तो म्हणाला, "वैनी, एवढ्या सकाळी? काय झालं?"

"व्हय का न्हाई?"

"आन महिन्यानं न्हाई दिली तर?"

"तर तुझ्या दारात येऊन बसंन. तुझ्या आईला इचार मी कशी बसते."

हसला. "व्हय बाबा, व्हय. लिहून पायजे का?"

"लिवणार हाय. डायरी हाय माझ्याकडं."

तो आला, बायका गेल्या. गेट बंद व्हायच्या आत पोचल्या म्हणं. जाताना तुळजाबाई खिडकीतनं माझ्याकडं बघत होती. मी तिला हात केला न्हाई. करायला पाहिजे होता. व्हॅन रफीकनं आणून दिली घरी. अंगणात लावली, किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला, "दिवे मात्र एक नंबर झालेत, वैनी."

२८ डिसेंबर, रविवार

परवाच जुईलीशी बोलले. आधी न चिडता बोलले, तर ती घाबरली, म्हणाली, आई, बरी हायेस नं? सगळं सांगितलं. म्हणती, मोतीबिंदू असंल, डॉक्टर बघून सांगतील. आतली भिंगाची काच धुरकट होती, ती काढून दुसरी बसवतात. मी म्हणलं, घासून न्हाई का होत? म्हणाली, न्हाई, आई.

शुक्रवारचा, दोन तारखेचा नंबर तिनं धरून ठेवलाय पुण्यात. रजा टाकती, न्यायला येती. पण बुधवारपर्यंत तिला कळवायचं, न्हाईतर नंबर दुसऱ्याला.

मालकांना सांगितलं. म्हणाले, मागाहून ठरवू. दोन दिस झाले, तेच. आज जेवताना म्हणाले, "आबाचं काय झालं बघितलंस नं?"

बघितलं. सासरे आंधळे होऊन ओट्यावर बसून गेले. त्यांच्या ताटात भाकर कुटं, कालवण कुटं ते मी हाताला धरून दाखवायचे. पण त्यांना दवाखान्यात नेऊन तसं झालं न्हाई, न नेता झालं. भात काढून झाला का नेऊ, असं दरसाल ठरायचं. भात दरसाल यायचा.

मघाशी ते अंगणात व्हॅनपाशी उभे होते. दिव्याच्या काचेवरनं हात फिरवत. मी चुलीपुढनं बघत होते. बराच वेळ फिरवत होते. मी हाक मारली न्हाई.

आता पुढचं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार हाय, म्हणून त्यांच्याशीच बोलल्यागत लिवते.

अवो, ऐका. मी ओरडत न्हाई. बघा, लिवतीया. फेरी गेली न्हाई, दिग्विजयकडं ठेवायला दिलीया. गाडी चांगली हाय, दिवे रेघेवर हायेत. ऱ्हायले तुमी. शुक्रवारी जुईली येईल, मी बरोबर असंन, तुळजाबाई बी येते म्हणतीया, मी तिला ये म्हणलंय. भ्या वाटत असंल तर वाटू द्या, मला बी वाटतं. भ्या वाटतं म्हणून सांगा, पण मागाहून म्हणून नका.

आन न्हाई म्हणायचं असंल तर तसं सांगा. मग गुरुवारी रफीकला बोलवून मी गाडी शिकायला बसणार. परवाना मी काढीन. तुमी पुढच्या शीटवर बसायचं, आन मोरी कुटं, उतार कुटं, म्हशी कुटं बसतात ते मला सांगायचं. रस्ता तुमाला पाठ हाय. बसून ऱ्हायला ओटा मी देणार न्हाई.

दोन्हीतलं एक. बुधवारी संध्याकाळी चहा ठेवीन तवा मला उत्तर पाहिजे.